सायराबानूची अंगठी

बारामतीच्या कसब्यात सायराबानूचं घर विचारलं की लोक आधी उलटं विचारत, "पाखरंवाली का?" आणि मग हात करून गल्ली दाखवत. हे नाव तिला मुळीच आवडत नसे. नवरा दस्तगीर भिगवण रोडला एका शेडमध्ये खिडक्यांच्या ग्रिलचं वेल्डिंग करायचा. त्याला कुणी ग्रिलवाला म्हणत नव्हतं, दस्तगीरभाई म्हणत. मग मीच काय पाप केलंय, म्हणून ती कुरकुरायची. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

पाखरं घरात आणली ती खरं तर दस्तगीरनं. नव्वदच्या सुमाराला गावाबाहेर नवे बंगले उठायला लागले आणि बंगल्याच्या हॉलमध्ये काहीतरी हलतं-बोलतं हवं, अशी हौस लोकांना सुटली. कुणी माशांची पेटी ठेवी, कुणी लव्हबर्ड. दस्तगीर उरल्यासुरल्या सळ्यांचे पिंजरे करून द्यायचा. एकदा एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून त्यानं पुण्याहून कॉकटेलची जोडी आणली. गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही आणि जोडी घरात राहिली. कॉकटेल म्हणजे मैनेपेक्षा लांबट, डोक्यावर उभा तुरा, गालावर शेंदराचा टिळा लावल्यासारखा गोल ठिपका. दस्तगीरला ते पाखरू फार आवडलं, म्हणजे निगा राखायचं काम सायराबानूच्या गळ्यात पडलं. घरोघरी असंच चालतं.

पण काम गळ्यात पडलं की त्यात जीव ओतायची तिला खोड होती. दोन-तीन वर्षांत मागच्या अंगणात भिंतभर पिंजरे लागले आणि पाखरांची जात, म्हणजे नर की मादी, ओळखण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी उरलं नाही. राखी कॉकटेल सोपं. मोठ्या नराचं तोंड हळद फासल्यासारखं पिवळंजर्द होतं आणि गालाचा ठिपका उठून दिसतो. मादीचं तोंड मळकट राहतं, शेपटीच्या खालच्या बाजूला आडव्या पट्ट्या राहतात. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या पाखराची शेपटी उन्हाकडे धरून बघायची. मादी असली तर फिकट पिवळ्या पट्ट्या दिसतात, त्याही बघणाऱ्याला डोळे असले तरच. ठिगळं लावल्यासारख्या रंगाच्या पाखराचं काही खरं नाही. तिथं वागणं बघायचं. नर दिवसभर शीळ घालतो, चोच ठोकतो, खांदे काढून मिरवतो, आणि मादी गप्प बसून त्याची गंमत बघते.

सगळ्यात फसवं पाखरू मोती. त्याच्या पाठीवरच्या पिसापिसात एकेक पांढरट-पिवळा ठिपका असतो, म्हणून ते नाव. पिल्लू असताना नर काय नि मादी काय, दोघांच्या अंगावर सारखेच मोती. पहिली पिसं गळली की मादीचे मोती राहतात आणि नराचे हळूहळू जातात. पुण्याच्या व्यापाऱ्यानं दस्तगीरला बजावून सांगितलं होतं की मोत्याच्या पिल्लाची जात कुणाला सांगायची नाही, पिसं गळेपर्यंत थांबायचं.

एवढं सगळं येत असून गिऱ्हाइकाला त्याचं काही कौतुक नव्हतं. शेपटीच्या पट्ट्या दाखवल्या तर लोक मान डोलावत आणि तोंडावर अविश्वास तसाच ठेवत. मग सायराबानूनं कबुतरवाल्यांची एक युक्ती उचलली. बोटातली चांदीची अंगठी काळ्या दोऱ्यात ओवायची, पाखराच्या डोक्यावर धरायची. अंगठी सरळ मागंपुढं हलली तर नर, गोल फिरली तर मादी. अंगठीत काय जादू असणार, कपाळ. जात ती आधीच पिसांवरून ओळखायची आणि बोटाच्या टोकानं दोऱ्याला कळेल न कळेल असा हेलकावा द्यायची. लोक मात्र श्वास रोखून बघत आणि समाधानानं पाखरू घेऊन जात. ती दस्तगीरजवळ हसायची की पिसांवर विश्वास नाही, अंगठीवर आहे.

किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी, दिवाळीच्या आधी, लासुर्ण्याची साखरबाई सुनेला घेऊन आली. नवं स्लॅबचं घर बांधलं होतं, हॉलमध्ये जोडी हवी होती. सून मनिषा माहेरची कऱ्हाटीची, अंगानं बारीक, आणि पदराआडून पोट नुकतं कुठं कळायला लागलेलं. साखरबाईनं पिवळ्या तोंडाचा एक राखी नर पसंत केला. मनिषा मोत्याच्या पिल्लापुढं उभी राहिली ती हलेना. सायराबानूनं सांगितलं की हे अजून लहान आहे, उन्हाळ्यात या. साखरबाईला काही थांबायचं नव्हतं. गावावरून एसटीनं आलोय, पुन्हा कोण येतंय, म्हणाली.

सायराबानूनं पिल्लू हातात उलटं धरलं आणि शेपटीखालची दोन बारीक हाडं बोटानं चाचपली. मादीची हाडं जरा फाकलेली असतात. फाकलेली वाटली. इतक्या लहान पिल्लाच्या हाडांवर जायचं नसतं हे तिला ठाऊक होतं, पण आजवर हात चुकला नव्हता आणि न चुकलेल्या हाताची एक घमेंड असते. मादीच आहे, तिनं सांगून टाकलं. वर अंगठीही गोल फिरवून दाखवली.

साखरबाई अंगठीकडं टक लावून बघत होती. मग तिनं सुनेला दंडाला धरून पुढं ओढलं आणि म्हणाली, "हिचं बी बघा की, भाभी."

सायराबानूला आधी हसू आलं. मग मौज वाटली. अंजुम, तिची एकुलती लेक, त्याच महिन्यात लग्न होऊन इंदापूरला सासरी गेली होती आणि घर नुसतं खायला उठत होतं. समोर ही कोवळी पोर मान खाली घालून उभी. तिनं दोरा मनिषाच्या पोटासमोर धरला आणि अंगठी गोल फिरवली. मुद्दाम फिरवली. जगात द्यायला याहून चांगलं काही असतं असं त्या दिवसांत तिला वाटतच नव्हतं.

"पोरगी हाय," ती म्हणाली. "माझ्या अंजुमवानी गुणाची."

मनिषानं तोंड पिंजऱ्याकडं फिरवलं, त्यामुळं तिचा चेहरा काही दिसला नाही. साखरबाईनं बरं म्हटलं, जोडी उचलली आणि दोघी स्टँडच्या वाटेला लागल्या. सायराबानू दुपारी जेवली, पिंजरे झाडले आणि ती गोष्ट विसरून गेली.

उन्हाळा सरता सरता साखरबाई एकटीच आली. हातात पिशवी, पिशवीत लहान पिंजरा, आणि तोंड फुगलेलं. जोडीची दोन्ही पाखरं एकमेकांना फाडून खायला उठली होती. पिल्लाच्या अंगावरचे मोती गेले, ते शिट्ट्या घालायला लागलं, आणि लासुर्ण्यात लोक हसले. सायराबानूनं पाखरू हातात घेतलं. पाठ राखी, तोंडावर पिवळं चढत आलेलं, शेपटीच्या पट्ट्या पुसत चाललेल्या. सरळसरळ नर. तिला आपलीच लाज वाटली. चूक माझी, म्हणाली, आणि बदल्यात एक चांगली वयात आलेली मादी काढून दिली. साखरबाईचं फुगलेलं तोंड जरा सैल झालं. मग चहा पिता पिता सायराबानूनं सहज विचारलं की सून बाळंत झाली असेल, कशी आहे.

"ती व्हय? ते तवाच मोकळं केलं की," साखरबाई बशीत फुंकर घालत म्हणाली. "तुमी येळेवर सांगितलंत, बरं झालं. पाखराचं चुकलं तर चुकलं, त्येचं काय एवढं."

सायराबानूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली बशी तिनं जमिनीवर ठेवली. मग तिनं विचारलं, "डाक्तरनं सांगितलं का? पोरगीच हुती?"

"डाक्तरला कोन इचारतंय," साखरबाई म्हणाली. "तुमी सांगितलं हुतं की."

एवढं बोलून ती बाई नवी मादी घेऊन गेली, आणि मोती गळलेला नर सायराबानूच्या अंगणात राहिला.

तिथून त्या घरातलं काहीतरी बिघडलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. पाखरं खात होती, अंडी घालत होती, गिऱ्हाईक येत होतं. पण तो नर सकाळी ऊन भिंतीवर आलं की जी शीळ घाली ती थांबतच नसे. सगळेच नर शीळ घालतात, त्यात नवल नाही. तिला मात्र तो दिवसभर एकच सांगतोय असं वाटे, की मी नर आहे, तू मादी म्हणालीस. दाराची कडी वाजली आणि कुणी बाई आत आली की तो आणखी जोरात घाली. तिनं पिंजऱ्यावर दस्तगीरची लुंगी टाकून बघितली. इतर पाखरं अंधार झाला की गप्प बसत. हा लुंगीखालूनही शीळ घालत राहिला. शेवटी तिनंच लुंगी काढून घेतली, कारण दिसत नसताना ती शीळ ऐकणं जास्त वाईट होतं.

बघणाऱ्याला तो चारचौघांसारखा राखी नर होता. त्याच्या अंगावर कधी मोती होते हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. तिला ते दिसत. दाणे घालताना मान वाकली की पाठीवरचा एकेक ठिपका जागच्या जागी दिसे. ती डोळे मिटून घेई.

दस्तगीरनं विचारलं तेव्हा तिनं एकदाचं सांगितलं. तो बिचारा म्हणाला की केलं ते त्यांनी केलं, तू काय केलंस. यात खोटं काही नव्हतं, आणि त्याचा उपयोगही काही नव्हता. नर विकून टाकू का, असं त्यानं विचारल्यावर ती अंगावर धावून गेली. दुसऱ्याच्या घरात हा आणखी काय काय सांगत बसेल, अशी एक वेडी भीती तिच्या मनात बसली होती. ही भीती तिनं त्याला सांगितली नाही.

गल्लीत शेजारच्या मुक्ताबाईला त्याच उन्हाळ्यात नातू झाला होता. ते पोर रांगायला लागलं, भिंत धरून उभं राहायला लागलं, तसं सायराबानू त्याला टाळायला लागली, आणि टाळता टाळता दाराच्या फटीतून त्यालाच बघत राहायची. मनिषाचं तेही आता एवढंच असतं. पण ते म्हणजे कोण? मुलगी होती की मुलगा होता? अंगठी तर तिनंच फिरवली होती. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जे राहिलंच नाही ते चुकलं होतं की बरोबर, हे आता कोण सांगणार. मुलगा असला तर तिनं खोट्यापायी त्याचा जीव घेतला. मुलगी असली तर खरं बोलून घेतला. नमाजानंतर दुवेला हात उचलले की कुणासाठी मागायचं तेच तिला सुचत नसे. पोरीसाठी म्हणावं तर पोरगी नसेल, पोरासाठी म्हणावं तर पोरगा नसेल. तिथंच जीभ अडायची आणि ती हात तोंडावरून फिरवून उठायची.

पाखरांची जात सांगणं तिनं सोडून दिलं. पिसं गळल्यावर या, असं सगळ्यांना सांगायची, चांगल्या पिवळ्या तोंडाच्या नरापुढं उभी राहूनसुद्धा. गिऱ्हाइकं चिडली. पाखरंवाली म्हातारी झाली, हात गेला, असं बोलू लागली. पिल्लू हातात घेतलं की तिची बोटं गार पडत, हे त्यांना कुठं माहीत होतं. अंगठी तिनं बोटातून काढून ट्रंकेत टाकली होती.

आणि मग मधे काही वर्षं गेल्यावर साखरबाई पुन्हा दारात उभी राहिली. मागं मनिषा. या वेळी पोट नीट दिसत होतं.

नर शीळ घालायला लागला. सायराबानूनं दाराची चौकट धरली.

साखरबाईला घाई होती. थोरल्या सुनेला तीन पोरीच आहेत, या वेळी तरी वंशाला दिवा पाहिजे, असं ती उभ्याउभ्याच सांगू लागली. मागच्या वेळी कसं येळेवर कळलं होतं, तसंच आताही बघा. सायराबानूनं जीव तोडून सांगितलं की अंगठीत काही नसतं, तो सगळा तमाशा आहे, पाखराचंसुद्धा माझं चुकलं होतं. साखरबाई हसली. खरं ज्याला कळतं ते माणूस असंच म्हणतं, असा तिचा हिशेब. मग तिनं आवाज उतरवला.

"तुमी न्हाय बघितलं तर पुण्याला मशीनवर दावतो. आता कायदा झालाय म्हनं, पन हिच्या नवऱ्याची, माझ्या रामची वळख हाय तितं."

म्हणजे नाही म्हणायचीही सोय राहिली नव्हती. मशीन काही कुणाची माया करत नाही. सायराबानू आत गेली आणि ट्रंकेतून अंगठी काढली. दोरा ओवताना दोन वेळा निसटला. बाहेर येऊन ती मनिषासमोर बसली. मनिषानं या वेळी तोंड फिरवलं नाही. ती अंगठीकडंही बघत नव्हती. ती सायराबानूच्या बोटांकडं बघत होती.

बोटं थरथरत असल्यानं अंगठी आपली आपणच गोल फिरायला लागली. सायराबानूनं कोपर मांडीला दाबून धरलं, बोटाचं टोक पुढं रेटलं, मागं ओढलं. जन्मात तिनं दोऱ्याला इतक्या उघड्या हातानं कधी ओढलं नसेल. अंगठी अडखळली, वाकडी झाली आणि मग सरळ रेषेत मागंपुढं हलू लागली.

"पोरगा हाय," ती म्हणाली. "मशीनबिशीन काय करू नका, पोराला बाधंल."

साखरबाईनं तिच्या हातावर साखर ठेवली.

त्यानंतरचे महिने सायराबानूनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. साखरबाईचं मन पालटलं तर, कुणी मशीनवर नेलं तर, असा रोज नवा विचार डोक्यात येई. इंदापूरला लेकीकडं जाताना एसटी लासुर्ण्याला थांबली की ती खिडकीकडं पाठ करून बसायची. नर शीळ घालायचा आणि ती त्याला म्हणायची, थांब की बाबा, अजून थांब.

बातमी घेऊन साखरबाईच आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिनं तोंड सोडलं होतं. खोटारडी, फसवी, हिच्या अंगठीला आग लागो, सुनेला कऱ्हाटीला पोरगी झाली. सगळी गल्ली दारात जमली. दस्तगीर मधे पडायला गेला, सायराबानूनं त्याला मागं ओढलं. ती उंबऱ्यात उभी राहून सगळ्या शिव्या शेवटपर्यंत ऐकत होती. साखरबाई दमून निघून गेली तेव्हा तिनं दार लावलं, ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवली. किती दिवसांनी जेवणाची चव लागली, असं तिनं दस्तगीरला सांगितलं. ती जेवताना रडत होती आणि तो समोर नुसता बसून होता.

मनिषा आली ती लेकरू चांगलं मान धरायला लागल्यावर. माहेराहून सासरी निघाली होती, स्टँडवर भावाला बसवून तेवढ्यात गल्लीत येऊन गेली. पोरीचं नाव प्रतिक्षा ठेवलं होतं. सासू अजून तोंड बघत नाही, पण राम घेतो जवळ, असं तिनं सांगितलं. मग न सांगताच पोर उचलून सायराबानूच्या मांडीवर ठेवलं. सायराबानूनं तिच्या टाळूवर हात ठेवला. बोटं गार पडली नाहीत. अंगणात शीळ चालू होती आणि पहिल्यांदाच तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"हिला तुमीच वाचवली, चाची," मनिषा म्हणाली. "तुमी अंगठी वढताना मी बघितलं. घरी कुनाला बोलले न्हाय."

इतक्या वर्षांनी छातीवरचा दगड कुणीतरी हलवल्यासारखं सायराबानूला झालं. ती पोरीच्या मुठीत आपलं बोट देऊन बसली.

मग अगदी साध्या आवाजात मनिषानं विचारलं, "मग पयल्या येळंला? तवाबी तुमीच फिरवली हुती?"

हा प्रश्न सायराबानूनं इतकी वर्षं रोज ऐकला होता. त्याला नाही म्हणता आलं असतं. तेवढं एक खोटं आणखी बोलून सगळं मिटलंही असतं. पण या पोरीनं तिच्या बोटांकडं बघितलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

"का?"

"मला पोरीच आवडत्यात म्हनून. वाटलं, पोरगी म्हटलं की तू हसशील."

मनिषानं पोरीच्या मुठीतून सायराबानूचं बोट हळूच सोडवलं. मग पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि डोक्यावरून पदर ओढला.

"हसले हुते की मी," ती म्हणाली. "तिकडं तोंड करून."

आणि ती लासुर्ण्याची गाडी धरायला निघून गेली.